एडिसनमध्ये ‘आपले’ किती? अमेरिकी जनगणनेतला वंशाचा रकाना कसा वाचायचा

न्यू जर्सीतल्या एडिसनचं नाव निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: तिथे आपली माणसं किती? उत्तरंही ठरलेलीच. कुणी सांगतं, चाळीस टक्क्यांच्या वर. कुणी म्हणतं, पाव गावाहून थोडे जास्त. कुणी भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर शनिवारी संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळाली नाही, एवढ्या पुराव्यावर ऐंशी टक्क्यांपर्यंत पोचतं. तिसरं उत्तर सोडून देऊ. पहिली दोन मात्र एकाच जनगणनेतून, एकाच गावासाठी, अगदी रीतसर निघतात. दोन्ही बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

२०१०च्या जनगणनेत एडिसनची लोकसंख्या ९९,९६७ होती. वंशाच्या रकान्यात तिची वाटणी अशी झाली: गोरे ४४,०८४ (४४.१० टक्के), आशियाई ४३,१७७ (४३.१९ टक्के), कृष्णवर्णीय ७,०४६ (७.०५ टक्के), मूळनिवासी अमेरिकी २२९, हवाई आणि प्रशांत बेटांवरचे ३६, ‘इतर वंश’ २,७१८ आणि एकाहून अधिक वंश सांगणारे २,६७७. बेरीज करून पाहा, बरोबर ९९,९६७ येते. आशियाईंपैकी २८,२८६ जणांनी ‘एशियन इंडियन’ या चौकटीत खूण केली होती, म्हणजे गावाच्या २८.३ टक्के. ‘चाळीसच्या वर’ म्हणणारा आशियाईंचा आकडा सांगत असतो आणि ‘पावाहून जास्त’ म्हणणारा भारतीयांचा. आशियाईंतला साधारण दर तिसरा माणूस भारतीय नव्हता. चिनी, फिलिपिनो, कोरियन, व्हिएतनामी आणि पाकिस्तानी असे सगळेच त्या ४३ टक्क्यांत आहेत.

त्याच तक्त्यात खाली आणखी एक ओळ असते: हिस्पॅनिक ८,११२, म्हणजे ८.११ टक्के. पहिली चूक इथेच होते. लोक ही ओळ वरच्या यादीत घालतात, बेरीज १०८ टक्के येते आणि मग कुठलातरी आकडा ओढूनताणून कमी केला जातो. हिस्पॅनिक हा अमेरिकी जनगणनेच्या लेखी वंश नाही, ते ‘मूळ’ आहे आणि त्याचा प्रश्नच वेगळा आहे. २०२०च्या फॉर्मवर आठवा प्रश्न होता: ही व्यक्ती हिस्पॅनिक मूळची आहे का? नववा प्रश्न वंशाचा. दोन्हींची उत्तरं द्या, अशी सूचनाही वरच छापलेली होती. म्हणून तेच ८,११२ लोक गोरे, कृष्णवर्णीय, ‘इतर’ अशा रकान्यांत आधीच मोजलेले असतात. ‘इतर वंश’ हा रकाना बराचसा त्यांच्यामुळेच भरतो. मेक्सिकोहून किंवा डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेल्या माणसाला वंशाच्या यादीत आपलं घर सापडत नाही, मग तो ‘इतर’मध्ये स्वतःच्या देशाचं नाव लिहितो. बेरीज शंभरच यायला हवी असेल तर ‘हिस्पॅनिक नसलेले गोरे’, ‘हिस्पॅनिक नसलेले आशियाई’ असा फोडलेला तक्ता घ्यायचा आणि हिस्पॅनिकांची एकच वेगळी ओळ धरायची. असा तक्ता तयार मिळतो, त्याचा क्रमांक बी-०३००२.

आता एक घर घेऊ. कल्पनेतलं आहे, पण एडिसनमध्ये अशी घरं गल्लोगल्ली दिसतील. बाबांचा जन्म नाशिकचा, ते एच-वन-बी व्हिसावर. आई मूळची साताऱ्याच्या घरची, जन्म मस्कतचा, कारण आजोबा तिथे नोकरीला होते. मुलगी आठ वर्षांची, जन्म एडिसनचाच. मोठा मुलगा रटगर्स विद्यापीठात, न्यू ब्रन्सविकच्या वसतिगृहात. नाशिकचे आजी-आजोबा फेब्रुवारीत आले आहेत, ऑगस्टमध्ये परत जातील.

या घरात एडिसनची माणसं किती? दर दहा वर्षांच्या जनगणनेचा दिवस १ एप्रिल. त्या सुमारास माणूस एरवी कुठे राहतो आणि झोपतो, हे पाहिलं जातं. व्हिसा कुठला आहे, हे विचारत नाहीत. नागरिकत्व विचारत नाहीत. कागदपत्रं नसलेलाही मोजला जातो. म्हणून बाबा, आई आणि मुलगी धरून तीन. मुलगा न्यू ब्रन्सविकच्या खात्यात गेला. आजी-आजोबा १ एप्रिलला एडिसनमध्ये झोपले असले तरी त्यांचं राहतं घर नाशिकला आहे, म्हणून ते पाहुणे, मोजणीबाहेर.

पण अमेरिकेत दुसरी एक मोजणी वर्षभर चालू असते. तिचं नाव अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे. ही नमुना पाहणी आहे, वर्षाला सुमारे ३५ लाख पत्त्यांवर तिचे प्रश्न पोचतात. तिचा नियम निराळा. त्या घरात सलग दोन महिन्यांहून जास्त राहणारा माणूस त्या घरचा. ही पाहणी एप्रिलमध्ये या घरी पोचली तर आजी-आजोबाही एडिसनकर ठरतात आणि घराचा आकडा पाच होतो. म्हणून दोन्ही मोजण्यांचे आकडे शेजारी ठेवून ‘वाढ’ काढू नये. उन्हाळ्यात आई-वडिलांना बोलावून घेणाऱ्या गावात तर नकोच.

आता या तिघांचं वर्णन करू. वंशाच्या प्रश्नात तिघेही ‘एशियन इंडियन’. सर्व्हेतल्या जन्मस्थानाच्या प्रश्नात भारत फक्त बाबांच्या नावापुढे, आई ओमानच्या खात्यात, मुलगी अमेरिकेच्या. म्हणजे एका तक्त्यात तीन भारतीय, दुसऱ्यात एक. वर्तमानपत्रात ‘भारतात जन्मलेले’ आणि ‘भारतीय वंशाचे’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास पडतात, आणि अशा घरात आकडा तिप्पट किंवा तृतीयांश होऊन जातो. केनिया-युगांडातून आलेली गुजराती कुटुंबं, गयाना-त्रिनिदादहून आलेली, पाच पिढ्यांपूर्वी भारत सोडलेली घरं, ही जन्माच्या तक्त्यात भारतीय नसतातच. वंशाच्या प्रश्नात त्यांनी कुठली चौकट धरायची हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. कुणी ‘एशियन इंडियन’ धरतं, कुणी ‘इतर’मध्ये गयानीज लिहितं.

शेजारच्या घरी बाबा मराठी आणि आई आयरिश वंशाची असेल, तर मुलांच्या नावापुढे दोन खुणा पडतील. २०००पासून तशी मुभा आहे. मात्र दोन खुणा पडल्या की ते मूल ‘फक्त आशियाई’ या रकान्यातून बाहेर पडतं आणि ‘दोन किंवा अधिक वंश’मध्ये जातं. म्हणून तक्ता उघडल्यावर आधी शीर्षकातला एक शब्द शोधायचा: ‘अलोन’ की ‘अलोन ऑर इन कॉम्बिनेशन’. पहिल्यात मिश्र मुलं नाहीत, दुसऱ्यात आहेत, पण दुसऱ्यात एकच मूल दोन रकान्यांत मोजलं जात असल्यामुळे बेरीज शंभराच्या वर जाते. दोन्ही तक्ते योग्य आहेत. लेखाच्या सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरा वापरणं मात्र चूक, आणि ही चूक वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

धर्म यात कुठेच नाही. १९७६च्या कायद्यानुसार अमेरिकी जनगणना धर्म सक्तीनं विचारू शकत नाही, आणि तसा प्रश्नच फॉर्मवर नसतो. ‘एडिसनमध्ये हिंदू इतके टक्के’ असं कुणी जनगणनेचा हवाला देऊन सांगत असेल, तर तो आकडा जनगणनेतून आलेला नाही. जातही नाही. आपल्याकडे जनगणना मातृभाषा आणि धर्म विचारते, वंश विचारत नाही. तिकडे नेमकं उलटं आहे, त्यामुळे इकडच्या सवयीनं तिकडचे तक्ते वाचले की घोटाळा होतो.

ही चौकट आली कुठून

वंशाचा रकाना रक्ताच्या तपासणीतून येत नाही. तो सरकारच्या यादीतून येतो, आणि यादी बदलत राहते. १९२०, १९३० आणि १९४०च्या जनगणनांत ‘हिंदू’ हा चक्क वंश होता. भारतातून आलेला शीख असो की मुसलमान, मोजणीदार त्याच्यापुढे ‘हिंदू’ असंच लिहायचा. विचारण्याचा प्रश्न नव्हता, बघून ठरवायचं. न्यायालयांचंही एकमत नव्हतं. मुंबईचे पारशी भिकाजी बालसारा यांचं नागरिकत्व १९१०मध्ये वरच्या न्यायालयानं ‘गोरे’ या सबबीवर कायम केलं. १९२३मध्ये पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना मात्र सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. त्या काळी भारतातून आलेल्याला गोरं ठरल्याशिवाय नागरिकत्व नव्हतं, म्हणून हा सगळा खटाटोप. भारतीयांना ती वाट १९४६च्या कायद्यानं उघडली.

पुढची गोष्ट एडिसनसाठी जास्त महत्त्वाची. १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतीय डॉक्टर, इंजिनियर येऊ लागले, आणि १९७०च्या जनगणनेनं त्यांना गोऱ्यांत टाकलं. १९७०च्या एडिसनमधला भारतीय कागदावर गोरा आहे. भारतीय संघटनांनी मागणी लावून धरल्यावर १९८०मध्ये ‘एशियन इंडियन’ ही चौकट पहिल्यांदा छापली गेली. ‘१९७०मध्ये एडिसनमध्ये भारतीय नव्हतेच, १९८०मध्ये अचानक आले’ असं जुन्या तक्त्यावरून वाटतं, त्याचं कारण हे. माणसं आधीच आलेली होती, चौकट मागाहून आली. अमेरिकन ‘इंडियन’ म्हणजे मूळनिवासी, त्यांच्यापासून वेगळं दिसावं म्हणून मागे ‘एशियन’ लागलं. पाकिस्तानी आणि बांगलादेशींना आजही स्वतःची छापील चौकट नाही, त्यांना ‘इतर आशियाई’समोर हातानं लिहावं लागतं. ज्यांना लिहावं लागतं त्यांची मोजणी गळण्याची शक्यता जास्त, कारण खूण करणं सोपं आणि लिहिणं कटकटीचं.

वीस वर्षांत काय सरकलं

एडिसन हे पूर्वीचं रॅरिटन टाउनशिप (टाउनशिप म्हणजे तिथलं स्वतंत्र कारभाराचं गाव). थॉमस एडिसन यांची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती, म्हणून १९५४मध्ये गावानं मतदान घेऊन नाव बदललं. १९५०मध्ये इथे १६,३४८ लोक होते. १९६०मध्ये ४४,७९९. दहा वर्षांत पावणेतीनपट, आणि ही वाढ गोऱ्या कामगार आणि मध्यमवर्गीय कुटुंबांची होती. फोर्डचा मोटार कारखाना १९४८मध्ये इथे सुरू झाला आणि २००४मध्ये बंद पडला. गावाचा चेहरा बदलण्याची वर्षंही साधारण त्या शेवटच्या टप्प्यातलीच.

२०००मध्ये एडिसनमध्ये ९७,६८७ लोक होते: गोरे ५९.४९ टक्के, आशियाई २९.२७ टक्के, त्यातले भारतीय गावाच्या १७.७५ टक्के. टक्क्यांवर थांबलं की चित्र अर्धंच कळतं, म्हणून डोकी मोजू. २००० ते २०१० या काळात एकूण लोकसंख्या फक्त २,२८० नं वाढली. गोऱ्यांची संख्या सुमारे १४,००० नं घटली आणि आशियाईंची सुमारे १४,६०० नं वाढली. त्या वाढीत भारतीय अंदाजे १०,९००, म्हणजे तीन चतुर्थांश. गाव फुगलं नाही, गावातली माणसं बदलली. नवी वस्ती उठली नाही, तीच घरं विकली गेली आणि दुसऱ्यांनी घेतली. कृष्णवर्णीयांचा वाटा मात्र ६.८९वरून ७.०५ टक्के, म्हणजे जवळपास होता तिथेच.

इथे मोह आवरायला हवा. ‘भारतीय आले म्हणून गोरे गेले’ असं या आकड्यांत लिहिलेलं नाही. जनगणना दहा वर्षांच्या अंतरानं काढलेले दोन फोटो दाखवते. मधल्या काळात कोण म्हातारपणी घर विकून फ्लोरिडाला गेलं, कोण वारलं, कुणाची मुलं परतली नाहीत, यातलं काही फोटोत येत नाही. ते हवं असेल तर घरांचे व्यवहार, वयाचे तक्ते, जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहाव्या लागतात.

२०२०मध्ये लोकसंख्या १,०७,५८८ झाली. वंशाच्या टक्क्यांची २०१०शी तुलना करताना मात्र हात आखडता घ्यावा. २०२०च्या फॉर्मवर गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यापुढेही मूळ लिहिण्यासाठी ओळ आली आणि लिहिलेलं नोंदवण्याची पद्धत बदलली. परिणाम असा की देशभरात ‘दोन किंवा अधिक वंश’वाले २.९ टक्क्यांवरून १०.२ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत एवढी मिश्र लग्नं झाली नाहीत, बरीचशी उडी मोजणीच्या पद्धतीची आहे. दुसरं असं की ओळख गुप्त राहावी म्हणून २०२०च्या आकड्यांत मुद्दाम थोडी गणिती भेसळ केलेली आहे. राज्याची एकूण लोकसंख्या मात्र हात न लावता ठेवली. लाखभर वस्तीच्या गावाला याचा फरक नगण्य. पण एका गल्लीचा, एका ब्लॉकचा आकडा काढून ‘आमच्या गल्लीत अमुक घरं भारतीय’ म्हणायला गेलात तर फसाल. मोठी माणसं एकही नाही आणि मुलं चार, असले ब्लॉकही त्या आकड्यांत सापडतात.

हद्द

ओक ट्री रोड एडिसनमध्ये आहे की आयझलिनमध्ये? दोन्हीत. आणि आयझलिन हे एडिसनचं उपनगर नाही, ते शेजारच्या वुडब्रिज टाउनशिपमध्ये येतं. ज्या मेट्रोपार्क स्टेशनवरून लोक न्यूयॉर्कची गाडी पकडतात, तेही वुडब्रिजच्या हद्दीत. एडिसनच्या ऐन मध्यावर मटचन नावाचं वेगळं गाव आहे, मेदूवड्याच्या भोकासारखं, चारी बाजूंनी एडिसन. तुमचा ‘एडिसन’ म्हणजे बोलण्यातला एडिसन असेल तर त्यात ही तिन्ही येतात. जनगणनेचा एडिसन मात्र टाउनशिपच्या रेषेवर थांबतो. तक्ता शोधताना ‘मिडलसेक्स काउंटी, एडिसन टाउनशिप’ हेच निवडावं. पिनकोडवरून काढलेला तक्ता टाळावा. टपाल खात्याच्या रेषा गावाच्या हद्दी पाळत नाहीत.

सर्व्हेचा तक्ता असेल तर प्रत्येक आकड्याशेजारी अधिक-उणेचा एक आकडा असतो, म्हणजे नमुन्यामुळे अंदाज किती चुकू शकतो ते. घाईत तो रकाना लपवून टाकतात, तिथे गाडी घसरते. समजा, एका काळात भारतीय ३०,००० अधिक-उणे १,६०० आणि नंतरच्या काळात ३१,५०० अधिक-उणे १,७००. वाढ दिसते १,५००ची. दोन्ही अधिक-उण्यांचा वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा: साधारण २,३३० येतं. वाढ त्याहून कमी, म्हणजे वाढ झाली असं म्हणता येत नाही. सर्व्हे पाच-पाच वर्षांची उत्तरं एकत्र करूनही अंदाज देतो. असे दोन अंदाज ताडून पाहायचे असतील तर त्यांची वर्षं एकमेकांत शिरू देऊ नका: २०१४-१८ आणि २०१९-२३ चालेल, २०१५-१९ आणि २०१८-२२ नाही. एक वर्षाचे अंदाज ६५,००० वरच्या गावांनाच मिळतात. एडिसन त्यात बसतं, मटचन बसत नाही.

मराठी कुठे गेली

दहा वर्षांची जनगणना भाषा विचारत नाही. भाषा सर्व्हेत आहे, पाच वर्षं आणि त्यावरच्यांसाठी: घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का, कुठली, आणि इंग्रजी कितपत येतं. उत्तर हातानं लिहायचं असतं आणि एकच भाषा धरली जाते. मराठी-गुजराती जोडप्यानं काय लिहायचं, ते त्यांनी आपसात ठरवावं.

लिहिलेलं पुढे कुठे पडतं ते बघण्यासारखं आहे. २०१६पासूनच्या सविस्तर तक्त्यात गुजराती, हिंदी, उर्दू, पंजाबी, बंगाली, तेलुगू, तमिळ यांना स्वतंत्र ओळ आहे. मराठी आहे ती ‘नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा’ या एका ओळीत. त्यामुळे या तक्त्यावरून न्यू जर्सीतल्या मराठी बोलणाऱ्यांचा स्वतंत्र आकडा काढता येत नाही. शिवाय हा सविस्तर तक्ता एडिसनसारख्या गावाच्या पातळीवर मिळत नाही. तिथे मिळतो तो आखूड तक्ता, सी-१६००१, त्यात भाषांचे बाराच गठ्ठे. मराठी पडते ‘इतर इंडो-युरोपियन’ गठ्ठ्यात, हिंदी-गुजराती आणि इटालियन-पोर्तुगीजच्या बरोबरीनं. भिंतीपलीकडचं तेलुगू घर मात्र ‘इतर आशियाई आणि प्रशांत बेटांवरच्या भाषा’ या गठ्ठ्यात. म्हणून या तक्त्यातला एकही गठ्ठा ‘भारतीय भाषा’ म्हणून वाचता येत नाही.

याचा व्यवहारात परिणाम होतो. मतपत्रिका दुसऱ्या भाषेत द्यायची की नाही, हे मतदान हक्क कायद्याखाली याच सर्व्हेवरून ठरतं. एका भाषिक गटातले, इंग्रजी कमी येणारे मतदानपात्र नागरिक १०,००० हून जास्त किंवा ५ टक्क्यांहून जास्त हवेत. आणि मोजला जातो तो अख्खा ‘एशियन इंडियन’ गट, एकेक भारतीय भाषा नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये असाच भारतीयांचा गट निकषात बसला आणि मतपत्रिका आली बंगालीत.

अमेरिकेच्या केंद्र सरकारनं २०२४मध्ये जाहीर केलेल्या नव्या निकषांत वंश आणि हिस्पॅनिक हे दोन प्रश्न एकत्र केले आहेत आणि मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका हा नवा गट घातला आहे. हा फॉर्म वापरात आला की वरची १०८ टक्क्यांची चूक आपोआप थांबेल, आणि जुन्या तक्त्यांशी जुळवणी आणखी अवघड होईल. ‘एशियन इंडियन’ची चौकट तशीच आहे. भाषेच्या ओळीवर मराठी माणसानं ‘मराठी’च लिहावं. ‘इंडियन’ लिहिलं तर तिची नोंद मराठी म्हणून होत नाही, आणि समोरच्याला कळावं म्हणून ‘हिंदी’ लिहिलं तर हिंदीच्या ओळीत एक वाढतो.